कवडशांतली मुसळी

सफेद मुसळी म्हटलं की डोळ्यांसमोर येतात त्या काष्ठौषधींच्या दुकानातल्या बरण्या आणि त्यांतल्या वाळलेल्या पांढऱ्या कांड्या. त्या कांड्या ज्या रोपाच्या मुळांच्या असतात ते जिवंत रोप मात्र फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. पहिले दोन-तीन पाऊस पडून गेले की सागाच्या रानात, पाचोळा सारून, सहा ते बारा-तेरा लांबट पानांचा एक झुबका जमिनीलगत उमलतो. मधून वीत-दीड वीत उंचीची दांडी निघते आणि तिच्यावर सहा पाकळ्यांची, पिवळ्या परागकोशांची पांढरी फुलं खालून वर उमलत जातात. एक फूल दिवसभरच टिकतं, पण रोज नवी उमलत राहतात. ढगाळ सकाळी झाडाखालच्या अंधूक उजेडात हा पांढरा रंग फार उठून दिसतो. औषधाच्या बाजारात नाव गाजल्यामुळे या रोपाच्या रूपाकडे आपलं दुर्लक्षच झालं आहे. घरच्या बागेतल्या सावलीच्या कोपऱ्यासाठी परदेशी शोभेची रोपं विकत आणणाऱ्या प्रत्येकाने एकदा तरी मुसळी बियांपासून वाढवून पाहावी, असं मला मनापासून वाटतं.

तिचं शास्त्रीय नाव क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम. मुंबईजवळच्या बोरिवलीच्या जंगलावरून ते पडलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि पुढे भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे प्रमुख झालेले फादर सांतापाऊ आणि त्यांचे सहकारी फर्नांडिस यांनी 1950 च्या दशकात ही जात शास्त्रीयदृष्ट्या नोंदवली. महाराष्ट्र, गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशातली पानगळीची रानं हे तिचं माहेर. घरोघरी टांगत्या कुंड्यांत दिसणारा स्पायडर प्लांट हा तिच्याच प्रजातीतला आफ्रिकेकडचा भाऊ, आणि शतावरी तिच्याच कुळातली. सह्याद्रीतही तिच्या बहिणी बऱ्याच आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलेल्या एका जातीला तर कोल्हापूरचंच नाव आहे. ठाणे-पालघरच्या बाजारात पावसाळ्याच्या तोंडाशी फोडशी किंवा कुलू म्हणून ज्या कोवळ्या पानांच्या जुड्या येतात, त्याही याच प्रजातीच्या.

ज्या बागांसाठी हे लिहितो आहे त्या उज्जैनला ही वनस्पती परकी नाही. इथून दक्षिणेकडे देवास-इंदूर ओलांडून विंध्याच्या उतारांवर गेलं की तिचं रान लागतं. वायव्येकडे मंदसौरच्या उद्यानविद्या महाविद्यालयाने ‘जवाहर सफेद मुसळी 405’ हे वाण दिलं आणि त्याच्याही पुढे नीमच, जिथली मंडी औषधी मालासाठी देशभर ओळखली जाते. म्हणजे रान, संशोधन आणि बाजार, तिन्ही गोष्टी उज्जैनच्या आसपास आहेत. नाही ती शहरातल्या बागांमध्ये. 1810 मध्ये राजधानी ग्वाल्हेरला हलेपर्यंत उज्जैन हे शिंद्यांचं मुख्य ठाणं होतं. त्या काळापासून इथे राहिलेल्या मराठी घरांच्या परसात कडुनिंब, बेल, आंबा, पारिजातक अजून उभे असतात. त्यांच्या खालची जमीन बहुधा मोकळी, झाडून स्वच्छ केलेली. तिथे काही येत नाही, अशी समजूत असते. येतं, फक्त ते वर्षातले चार महिनेच वर राहतं, हे आधी मान्य करावं लागतं.

मुसळीचा सगळा स्वभाव या चार महिन्यांत आहे. सावलीतल्या बागेविषयी जे काही इंग्रजीत लिहिलं गेलं आहे ते बहुतांश थंड देशांतलं आहे. तिथल्या जंगलात झाडांना पालवी फुटायच्या आधी, वसंताच्या सुरुवातीला, जमिनीवर भरपूर उजेड असतो. त्या थोड्या आठवड्यांत तिथली रानफुलं उरकून घेतात. उत्तर अमेरिकेतलं ट्रिलियम हे त्यांतलं नावाजलेलं. त्याचं बी मुंग्या ओढून नेतात, एक हिवाळा गेला की मूळ फुटतं, दुसरा हिवाळा गेला की पान दिसतं आणि फूल यायला सहा-सात वर्षं किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. म्हणून तिकडच्या पुस्तकांत बी ओलसर वाळूत घालून फ्रिजमध्ये ठेवायला सांगतात. आपल्याकडे रानाला झोपवते ती थंडी नव्हे, कोरड. उन्हाळ्यात आपल्या रानाला उजेडाची वाण नसते, असते ती पाण्याची. साग उन्हाळ्यात उघडा पडतो, जूनच्या आसपास पालवतो, आणि त्याची पानं मोठी होऊन छत दाट होईपर्यंत मुसळी जमिनीतून वर येऊन कामाला लागलेली असते. तिला हवा असतो पाऊस, आणि त्याआधी हवी असते एक लांब, कोरडी झोप. मुसळीच्या बियांना फ्रिजमध्ये ठेवण्याने काही साधत नाही. त्यांना वैशाख काढू द्यावा.

सावलीचा हिशेबही उज्जैनला वेगळा मांडावा लागतो, आणि इथे या शहराची भूगोलातली जागा कामाला येते. उज्जैन 23 अंश 11 कलांवर आहे. कर्कवृत्त याच जिल्ह्यातल्या डोंगला गावाजवळून जातं. सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात इथे वेधशाळा बांधली. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी तिची डागडुजी करवली आणि गोविंद सदाशिव आपट्यांसारख्या मराठी ज्योतिर्विदाने तिचा कारभार पाहिला. त्या वेधशाळेत शंकुयंत्र आहे. जूनच्या उत्तरार्धात भर दुपारी त्याची सावली जवळजवळ नाहीशी होते. बागेच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की मुसळी उगवायच्या ऐन दिवसांत झाडाची दुपारची सावली बरोबर झाडाखालीच असते, इकडे-तिकडे सरकलेली नसते. भिंतीच्या उत्तरेकडची बाजू सावलीची, हा थंड देशांतला नियम इथे जूनमध्ये उलटतो. सूर्य ईशान्येकडे उगवून वायव्येकडे मावळतो, त्यामुळे उत्तरेच्या भिंतीवर सकाळ-संध्याकाळ थेट ऊन येतं. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 43 अंशांवर असतो आणि दहा मीटर उंच झाडाची सावली उत्तरेकडे दहा मीटरहून थोडी जास्तच लांब पडते. पण तेव्हा मुसळी जमिनीखाली झोपलेली असते आणि मातीही तापत नाही, त्यामुळे हिवाळ्यातल्या त्या सावलीचा उपयोग शून्य. तेव्हा वाफ्याची जागा हिवाळ्यात बघून ठरवू नये. जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक दिवस सकाळी नऊला, दुपारी बाराला आणि चारला झाडाखाली जाऊन जमिनीवर कवडसे कुठे पडतात ते पाहावं आणि कवडसे हलत राहतात तिथे खूण करावी. मुसळीला गर्द अंधार नको असतो. तिला गाळलेलं ऊन मानवतं. अगदी काळोख्या जागी पानं वाढतात पण फुलं रुसतात.

कडुनिंबाची सावली यासाठी उत्तम. त्याची पानं बारीक आणि ऊन चाळून येतं. आंब्याखालचा भाग खोडाजवळ फार दाट असतो, पण घेराच्या कडेला जमतं. चिंचेखाली मात्र इतर काही नीट वाढत नाही, हा जुना अनुभव खरा आहे. चिंचेच्या पानांतली द्रव्यं दुसऱ्या बियांची उगवण दाबतात हे प्रयोगांतही दिसलं आहे.

माळव्याची काळी माती ही खरी अडचण. सोयाबीन-गव्हाला ती सोन्यासारखी, पण मुसळीच्या मांसल मुळांना घातक. ही माती पाणी पिऊन फुगते, चिकट होते, हवा कोंडते आणि उन्हाळ्यात तडकून हातहात खोल भेगा पडतात. फुगलेल्या मातीत मुळं कुजतात आणि भेगांत ती उघडी पडून तुटतात. विंध्याच्या उतारावर मुसळी वाढते तिथे मुरमाड, खडीमिश्रित, पाणी झटकन सोडणारी जमीन असते आणि वर पाचोळ्याचा कुजट थर. तेच घरी करायचं. जागची काळी माती एक भाग, नदीची जाड वाळू एक भाग आणि चाळलेलं पानकुजीचं खत एक भाग, एवढं मिसळून वीतभर उंच गादीवाफा करावा. झाडाच्या खोडाला माती लावू नये, नाहीतर खोडाची साल सडते. वाफा खोडापासून निदान दोन-तीन हात दूर असावा, आणि झाडाची जाड मुळं तोडून तो खणू नये. जिथे मुळांचं जाळंच आहे तिथे भोकं पाडलेली फळांची क्रेट वापरावी, तळाशी मुरमाचा थर आणि वर हीच माती. उज्जैनला वर्षाकाठी साधारण 900 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक मध्य जून ते सप्टेंबर एवढ्यातच कोसळतो. एका रात्रीत चार-पाच इंच पडले तरी सकाळी वाफ्यात पाणी तुंबलेलं दिसता कामा नये, इतका निचरा हवा.

आता बियांचं. मुसळीची शेती करणारे शेतकरी बी पेरत नाहीत. मुळांचा घोस खोडाच्या बारक्या चकतीसह तोडून, त्याचे तुकडे जूनमध्ये लावतात. त्या तुकड्यांना सगळीकडे फिंगरच म्हणतात. हे लवकर येतं, पण फिंगर म्हणजे त्याच रोपाची नक्कल. शिवाय बाजारातल्या स्वस्त फिंगर शेतातून आल्या की रानातून उपटून, हे गिऱ्हाइकाला कळायला मार्ग नसतो. 2000 सालाच्या आगेमागे मुसळीचा भाव चढला तेव्हा मध्य भारतातल्या रानांतून ती पोत्यांनी उपसली गेली. मूळ उपटलं की रोप संपलं, आणि फुलावर असताना उपटलं तर त्या वर्षीचं बीही संपलं. 2000 मध्येच स्थापन झालेल्या राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळाने लागवडीसाठी निवडलेल्या अग्रक्रमाच्या वनस्पतींत सफेद मुसळीचा समावेश केला, त्यामागे ही काळजी होती. बी घेतलं तर आईरोप जागच्या जागी राहतं, आणि प्रत्येक बी थोडं वेगळं, त्यामुळे तुमच्याच बागेच्या मातीला साजणारं रोप त्यांतून निवडता येतं. बी मिळवायचं ते मुसळीची शेती करणाऱ्याकडून, किंवा कृषी महाविद्यालयाच्या औषधी वनस्पतींच्या बागेतून. अभयारण्यातून पान, बी, मूळ काहीही आणू नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते वर्ज्य आहे आणि तसं नसतं तरी ते करू नये.

बोंड तीन धारांचं, हिरवं असताना फुगीर, पिकताना कागदासारखं. ते उकललं की आत कांद्याच्या बियांसारखं काळं, कोनदार, दोन मिलिमीटरच्या आतबाहेरचं बी दिसतं. सप्टेंबरात हातात आलेलं हे ताजं बी लगेच पेरलं तर ते ढिम्म हलत नाही. त्याची सुप्तावस्था लांबलचक असते. ते कागदी पाकिटात घालून, घरातल्या कोरड्या कपाटात, उन्हाळाभर ठेवावं. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल राहिली तर बुरशी धरते. आणि पुढच्या पावसात ते पेरूनच टाकावं, कारण उगवणशक्ती लवकर ओसरते. एवढी काळजी घेऊनही शंभरांतली पंधरा-वीसच उगवली तर नाराज होऊ नये. अभ्यासकांनाही साध्या पेरणीत साधारण एवढीच उगवण मिळते. प्रयोगशाळांत जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात बी भिजवून हा आकडा वाढवतात. घरी रात्रभर साध्या पाण्यात भिजवणं पुरे, आणि हवी त्यापेक्षा सहापट बी पेरणं हा सर्वांत खात्रीचा उपाय.

मृगाच्या पहिल्या सरीने हुरळून जाऊ नये. माळव्यात मृगानंतर बरेचदा उघडीप पडते आणि कोंब करपतात. आर्द्रा लागल्यावर, पावसाने नीट बस्तान बसवल्यावर, मातीला वाफसा आलेला पाहून पेरावं. बी अर्धा ते एक सेंटिमीटरपेक्षा खोल नको. वरून चाळलेल्या पानखताचा पातळ थर, त्यावर जुन्या गोणपाटाचा तुकडा. जोराच्या सरीने बी एका कोपऱ्यात वाहून जातं, ते गोणपाट अडवतं. पाऊस नसेल त्या दिवशी बारीक भोकांच्या झारीने पाणी. दोन-तीन आठवड्यांत पहिला कोंब दिसला की गोणपाट लगेच काढायचं, नाहीतर कोंब त्याच्या विणीत अडकून पिवळे पडतात. सगळी एकदम उगवत नाहीत. श्रावणातही एखादं डोकं वर काढतं.

इथे बहुतेक लोक फसतात, कारण मुसळीचं नवजात रोप आणि गवत यांत चटकन फरक दिसत नाही. तण काढताना सगळं साफ होतं. खाली वाकून नीट पाहावं. गवताचं पान एका नळीसारख्या आवरणातून निघतं, आणि पान व आवरण जिथे मिळतात तिथे केसांची किंवा पातळ पापुद्र्याची बारीक रेघ असते. मुसळीच्या पानाला ती नसते. तिचं पान जमिनीतूनच थेट येतं, बुडाशी पांढुरकं, मधोमध दुमडल्यासारखी उभी घडी, आणि बोटांत धरलं तर गवतासारखं खरखरीत लागत नाही, मऊ आणि रसरशीत लागतं. एखादं रोप हलकेच उकरून पाहिलं तर आणखी खात्री पटते: ऑगस्ट संपता संपता त्या इवल्या रोपाखाली एक-दोन पांढरी, मांसल मुळं फुगायला लागलेली असतात. संपूर्ण वर्षाची कमाई ती एवढीच. पुढचा उन्हाळा रोप त्यांच्यावर काढणार असतं, म्हणून हे पाहणं एकाच रोपावर भागवावं आणि ते लगेच परत मातीत लावावं. ओळीत पेरलं असेल तर काम सोपं होतं: ओळीबाहेरचं ते तण.

पावसाच्या झडीत रोपं बुडाशी नरम होऊन कोलमडू लागली तर ती मर. औषधापेक्षा उजेड आणि वारा वाढवणं बरं. वरची एखादी फांदी छाटली तरी फरक पडतो. गोगलगायी कोवळी पानं रात्रीत साफ करतात, त्यांना कंदील घेऊन हाताने वेचणं हाच मार्ग. जमिनीखाली हुमणी आणि वाळवी. कच्चं शेणखत घातलं की हुमणी हमखास येते, म्हणून वाफ्यात पूर्ण कुजलेलंच खत घालावं.

हस्त सरता सरता पानांची टोकं पिवळी पडतात, मग पानं आडवी होऊन जमिनीला टेकतात आणि ऑक्टोबरात नाहीशी होतात. रोप मेलं असं वाटून माणसं पाण्याचा मारा करतात, आणि जिवंत रोप तेव्हा खरोखर मरतं. पानं पडली की पाणी थांबवायचं. जमिनीखाली मुळांची पांढरी साल हळूहळू तपकिरी होऊन टणक बनते; तिच्या आत ओलावा कोंडलेला असतो आणि वरची माती कोरडी राहणं हेच तिचं संरक्षण. वाफ्यावर चार बोटं पाचोळा पसरावा, कडेला काठ्या रोवून खूण करावी आणि आठ महिने तिथे खुरपं लावू नये. या काळात कोरडेपणा जितका महत्त्वाचा, तितकाच थंडावाही. मे महिन्यात उज्जैनचा पारा चाळिशीच्या पुढे जातो तेव्हा उघड्या वाफ्याची माती हाताला चटका देते, कडुनिंबाखालची देत नाही. मुसळीला सावलीची खरी गरज लागते ती झोपेच्या या उन्हाळी दिवसांत, आणि सावलीच्या बागेसाठी मी तिची शिफारस करतो ती मुख्यतः यासाठी.

याच कारणाने तिच्या शेजारी काय लावायचं हेही ठरतं. नेचे, मनी प्लांट यांना उन्हाळाभर पाणी लागतं. ते मुसळीच्या वाफ्यात नकोत. तिच्यासारखेच पावसाळ्यात जागणारे आणि उन्हाळ्यात झोपणारे शेजारी हवेत: रानहळद किंवा पिवळ्या चांदणीसारख्या फुलांची काळी मुसळी. कळलावीही याच घड्याळाने चालते आणि तिची फुलं अप्रतिम, पण तिच्या कंदात कोल्चिसिन हे जहाल विष असतं. जिथे कोणी मुसळीची मुळं किंवा पानं खाण्यासाठी काढणार असेल तिथे कळलावी त्याच वाफ्यात कधीही लावू नये.

दुसऱ्या पावसाच्या तोंडाशी, कोंब दिसण्याच्या सुमारास, रोपं वीत-वीत अंतरावर पुन्हा लावता येतात. मूळ चकतीपासून तुटलं तर ते पुन्हा फुटत नाही, कारण डोळा चकतीवर असतो, मुळावर नाही. म्हणून उचलताना हाताची पाची बोटं खाली घालून मातीसकट उचलावं. दुसऱ्या किंवा तिसऱ्या पावसात पहिली दांडी येते. मुळं काढून वाळवण्याचा मोह मात्र घरच्या बागेत धरू नये. पाच किलो ओल्या मुळांची सोलून-वाळवून जेमतेम किलोभर मुसळी होते. वाफाभर रोपांतून मूठभर मिळणार आणि त्यासाठी वाफा रिकामा होणार. पानांची भाजी करायची तर मोठ्या झालेल्या झुबक्यातली बाहेरची दोन-तीन कोवळी पानं घ्यावीत, मधला कोंब राखावा. मुगाच्या डाळीबरोबर ती छान लागते.

फुलं आल्या वर्षापासून बीही घरचंच. बोंड हिरव्याचं फिकट पिवळसर झालं की दांडीला मलमलीची छोटी पिशवी बांधावी, नाहीतर उकलल्यावर बी कधी सांडलं ते कळत नाही. निम्मी बोंडं पिशवीत घ्यावी, निम्मी तशीच राहू द्यावी. खाली सांडलेलं बी पाचोळ्यात उन्हाळा काढतं आणि आर्द्रेच्या पावसात आपोआप उगवतं, तुम्ही ठरवलेल्या ओळींत नाही, पण बहुधा वाफ्याच्या कडेला जिथे निचरा सर्वांत चांगला आणि ऊन सर्वांत बारीक आहे तिथे. पुढच्या वर्षी वाफा वाढवायचा असेल तर त्याच बाजूने वाढवावा.